नाव झाका, पत्ता उघडा ठेवा

‘एकच प्याला’चा पहिला प्रयोग बडोद्यात झाला, २० फेब्रुवारी १९१९ रोजी. राम गणेश गडकरी त्याआधी चारच आठवडे, २३ जानेवारीला, हे जग सोडून गेले होते. गंधर्व नाटक मंडळीने नाटक उभे केले, बालगंधर्व सिंधू झाले आणि बडोद्याचा मराठी प्रेक्षक हा सिंधूसाठी रडणारा जगातला पहिला प्रेक्षक ठरला. हा मान बडोदेकरांकडून कुणी हिरावून घेऊ शकत नाही. पण शंभरावर वर्षे उलटून गेल्यावर त्यांना एक प्रश्न विचारण्याचा अधिकार आपल्यालाही आहे. रडून झाल्यावर पुढे काय केलेत?

त्या नाटकात तळीराम एक मंडळ चालवतो. आर्य मदिरा मंडळ. त्याला नाव आहे, सभासद आहेत, बसण्याची जागा आहे. नवा माणूस आला तर त्याला सरकून जागा करून दिली जाते, त्याची जात, शिक्षण, हुद्दा कुणी विचारत नाही. आता दुसरी बाजू पाहा. सुधाकर दारू सोडण्याचा निश्चय करून पुन्हा उभा राहू पाहतो, तेव्हा त्याच्या वाट्याला काय येते? एक सोशिक पत्नी, एक भला मित्र आणि त्याच्या निश्चयाला हसणारे जग. पिणाऱ्यांचे मंडळ होते, सोडणाऱ्याला मात्र बसायला एक सतरंजीही नव्हती. समीक्षकांनी या नाटकावर पुष्कळ लिहिले. ही साधी विषमता मात्र आपण अजूनही मनावर घेतलेली नाही. प्रस्तुत लेख तिच्याविषयी आहे.

महाराष्ट्राच्या टोकाला, नंदुरबार जिल्ह्यात मुख्याध्यापकी करणाऱ्या माणसाने बडोद्याच्या दांडिया बाजाराविषयी का बोलावे, असे कुणी विचारील. उत्तर सरळ आहे. गायकवाडांचे जुने ठाणे सोनगड, ते आमच्या नवापूरच्या शेजारी. आमच्या मुली तिकडे दिल्या जातात, आमची मुले तिकडच्या कारखान्यांत नोकऱ्या धरतात. आमच्या शाळेतून दाखला घेऊन गेलेल्यांपैकी कितीतरी जणांचे संसार आज बडोद्यात आहेत. त्यांची सुखदुःखे सीमेवर तपासून कुणी परत पाठवत नाही, ती आमच्यापर्यंत येतात.

तसेच एक दुःख दोन वर्षांपूर्वी माझ्यापर्यंत आले. माझ्या एका माजी विद्यार्थ्याच्या पत्नीचा फोन आला. तिचे माहेर दांडिया बाजारातले. नवरा पुण्याला व्यसनमुक्ती केंद्रात राहून आला होता, पाच महिने उत्तम गेले, आणि आता तो पुन्हा संध्याकाळी सहानंतर अस्वस्थ होऊ लागला होता. ती म्हणाली, “सर, यांना परत दूर कुठे पाठवायचे नाही. इथेच जवळपास असे सोडलेले लोक बसतात का कुठे? चालत जाता येईल असे?” मी म्हटले, विचारतो. पुढे एका लग्नाच्या निमित्ताने बडोद्यास गेलो तेव्हा दोन दिवस मी हाच उद्योग केला.

दांडिया बाजारात पत्ता विचारणे किती सोपे! अरविंदबाबू राहत ते घर, आजचे अरविंद निवास, शाळकरी पोरही दाखवते. जुम्मादादा व्यायाममंदिर, ज्याचे नाव प्रोफेसर माणिकरावांनी देशभर नेले, ते विचारले तर उत्तर देणारा आधी छाती पुढे काढतो. चिवडा कुठला घ्यावा, पुस्तके कुठे मिळतील, मंगल कार्यालय कोणते बरे, या प्रत्येक प्रश्नाला दोन-दोन उत्तरे आणि त्यांवर वाद. पण “दारू सोडलेल्यांची बैठक कुठे भरते?” या प्रश्नावर आवाज खाली येतो. एक गृहस्थ म्हणाले, “इकडे दारूबंदी आहे, इकडे असले काही नसते.” दुसरे म्हणाले, “कुणासाठी हवे आहे?” आणि माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिले. तिसऱ्यांनी बोलता बोलता विषय क्रिकेटवर नेला. मी विचारले त्या दहा-बारा प्रतिष्ठितांपैकी एकालाही पत्ता सांगता आला नाही. ध्यानात घ्या, गुजरातेतील मोठ्या शहरांत अशा बैठका भरतात. प्रश्न त्या असण्याचा नाही, सापडण्याचा आहे. ज्या दवाखान्याची वाट गावात कुणाला ठाऊक नाही, तो दवाखाना रोग्यापुरता नसल्यातच जमा.

हे असे का होते, त्याची दोन कारणे मला दिसतात आणि दोन्हींविरुद्ध माझी तक्रार आहे.

पहिले कारण कायदा. कायदा असण्याला माझी हरकत नाही, त्याच्या आडोशाला बसून राहण्याला आहे. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा १९६० नंतर गुजरातने चालू ठेवला. २०१७ साली त्यातील शिक्षा वाढवून दारू बनवणे-विकणे यासाठी दहा वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद केली. चांगली गोष्ट. दारूबंदीची टिंगल करणाऱ्यांच्या पंगतीत मी बसत नाही. आमच्याकडच्या बाया आडव्या बाटलीसाठी मतदानाला रांगेत उभ्या राहतात तेव्हा त्यांना काय सोसावे लागलेले असते, ते मी वर्गातल्या त्यांच्या मुलांच्या चेहऱ्यावर वाचलेले आहे. पण बंदीने दुकान बंद होते, तलफ बंद होत नाही. याच बडोद्यात १९८९ साली विषारी दारूने शंभरावर माणसे मेली. २००९ साली अहमदाबादेत पुन्हा शंभरावर मेली. २०२२ च्या जुलैत बोटाद-बरवाळा भागात चाळीसहून अधिक मेली. ही माणसे कायद्याच्या हिशेबी पीतच नव्हती! मेल्यावर मात्र ती मोजावी लागली.

कायद्याच्या पुस्तकात पिणाऱ्याच्या दोन जाती ठळक दिसतात. एक परवानाधारक, ज्याला प्रकृतीच्या कारणास्तव पिण्याची मुभा आहे. दुसरा गुन्हेगार. व्यापाराची निकड भासली तेव्हा २०२३ च्या डिसेंबरात गांधीनगरजवळच्या गिफ्ट सिटीसाठी तिसरी वाटही निघाली. मग ज्याला दारू सोडायची आहे, त्याची वाट तितक्याच ठळक अक्षरांत का लिहिली जाऊ नये? “येथे कुणी पीत नाही” असे एकदा ठरले की “येथे कुणाला सोडायची आहे का?” हा प्रश्नच असभ्य ठरतो. नवापूरचे रेल्वे स्टेशन अर्धे महाराष्ट्रात आहे, अर्धे गुजरातेत. फलाटावरून चालत गेले की कायदा बदलतो. माणसाच्या रक्तातली तलफ मात्र त्या रेषेवर थांबून पाटी वाचत नाही.

आणि बंदी येते, बंदी जाते. चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ साली दारूबंदी झाली, २०२१ साली उठली. पिणारा बंदीआधी होता, बंदीत होता, बंदी उठल्यावरही राहिला. जे काम कायदा येण्या-जाण्यावर अवलंबून नाही, ते समाजाने हाती घ्यायचे असते.

दुसरे कारण आपली प्रतिष्ठा. हे कारण मराठी आहे, ते दुसऱ्या कुणावर ढकलता येणार नाही. परप्रांतात राहणाऱ्या समाजाला आपले नाव जास्त जपावे लागते, हे मी समजू शकतो. दांडिया बाजारातले घराणे म्हणजे तीन पिढ्यांचा लौकिक. आजोबा हुजुरातीत, वडील शिक्षणखात्यात, आणि नातू? नातू ‘जरा आजारी असतो’. लग्नाकार्यात त्याला मागच्या खोलीत निजवतात. पाहुण्यांना सांगतात, पित्ताचा त्रास आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात; पण त्या मुठीत निखारा असेल तर? हात कुणाचा भाजतो? त्याच्या बायकोचा. तीही मुकाट्याने मूठ मिटून बसते, कारण सिंधूचा आदर्श आपण तिला पाळण्यापासून पाजलेला असतो. सिंधूच्या मरणाला टाळ्या देणाऱ्यांनी एकदा स्वतःला विचारावे, तिला जगवण्याची व्यवस्था आपण कधी केली?

तीस वर्षे मुलांत काढलेला मी माणूस आहे. पालकसभेला ज्याचे वडील कधीच येत नाहीत, सहलीचे पैसे जो शेवटच्या दिवशी “मला यायचे नाही” म्हणून टाळतो, पहिल्या तासाला ज्याची मान पेंगते, त्या मुलाचे घर ओळखायला मला चौकशी करावी लागत नाही. असा मुलगा खोटे बोलायला घरातच शिकतो, आणि तेही वडीलधाऱ्यांच्या सांगण्यावरून.

आता ज्यांची बैठक मी शोधत होतो ते लोक कोण, हे सांगितले पाहिजे. १९३५ साली अमेरिकेत ओहायो राज्यातील ॲक्रन गावी दोन माणसे एकमेकांसमोर बसली. एक शेअरबाजारातला दलाल, बिल विल्सन. दुसरा शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर, बॉब स्मिथ. दोघेही दारूने पुरते खचलेले. विल्सनला त्या दिवसांत एक गोष्ट उमगली होती. दुसऱ्या दारुड्याशी खरेपणाने बोललो तर आजची संध्याकाळ आपल्यालाही न पिता काढता येते. डॉक्टरने त्या वर्षीच्या १० जूनला शेवटचा घोट घेतला, आणि तोच ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’चा, म्हणजे अनामिक मद्यासक्तांच्या संघाचा, जन्मदिवस मानला जातो. भारतात हे काम १९५७ पासून आहे. पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी ‘अल-अनॉन’ हा निराळा संघ १९५१ पासून चालतो.

सभासद होण्याची अट एकच, दारू सोडण्याची इच्छा. फी नाही, अर्ज नाही. बैठकीत एकेक जण आपले पहिले नाव सांगतो, आपली हकिगत सांगतो, बाकीचे ऐकतात. मध्ये कुणी बोलत नाही, उपदेश करत नाही. शपथ जन्माची नसते, आजच्या दिवसाची असते. नव्याला एखादा जुना सभासद हाताशी धरतो, रात्री अकराला तलफ उसळली तर फोन कुणाला करायचा ते त्याला ठाऊक असते. बस्स, एवढेच. यात चमत्कार काय, असे वाटेल. २०२० साली कोक्रेन या वैद्यकीय पुरावे पारखणाऱ्या संस्थेने सत्तावीस अभ्यास, त्यांतील दहा हजारांवर माणसे, यांचा एकत्र ताळा मांडला. दारूपासून सलग दूर राहण्याच्या बाबतीत, या बैठकांकडे पद्धतशीरपणे वळवणारे उपचार इतर मान्य उपचारांच्या तोडीचे आणि बऱ्याचदा सरस ठरले. आणि खर्च? चहाचा आणि खोलीच्या भाड्याचा.

एक इशारा मात्र येथेच दिला पाहिजे. बैठक म्हणजे दवाखाना नव्हे. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याने एकाएकी दारू तोडली तर हातपाय कापणे, झटके येणे, भ्रम होणे असे प्रकार होतात आणि जिवावरही बेतते. म्हणून आधी डॉक्टर, मग बैठक. पण डॉक्टरचे काम दिवसांत संपते, बैठकीचे काम तिथून सुरू होते.

पुण्याचे मुक्तांगण आपल्या सर्वांच्या अभिमानाचा विषय आहे. १९८६ साली डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी ते उभे केले, पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाईंनी त्याला हात दिला. पण आपल्या अभिमानाची एक गंमत आहे. दूरच्या मुक्तांगणाला आपण देणगी देतो, आणि तिथून पाच आठवड्यांनी बरा होऊन आलेल्या माणसाला आपल्या गल्लीत बसायला जागा देत नाही. तो परत येतो तो त्याच घरी, त्याच नाक्यावर, त्याच मित्रांत. तळीराम कोपऱ्यावर उभाच असतो, त्याला पाटी लागत नाही. पाटी लागते ती दुसऱ्या बाजूला.

या बाबतीत आकडाही ऐका. केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या ‘एम्स’ने केलेली देशव्यापी पाहणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. दारूमुळे ज्यांना मदतीची गरज आहे असे देशात पावणेसहा कोटींच्या आसपास लोक, आणि दारूच्या पुरत्या आहारी गेलेल्या दर अडतीस माणसांत कसल्याही उपचारापर्यंत पोचलेला एक. सदतीस जण वाटेत कुठे हरवले? त्यातले पुष्कळ जण माझ्यासारखेच पत्ता विचारत फिरले असतील, आणि त्यांना विषय बदलणारे सज्जन भेटले असतील.

आता आक्षेप घ्या. माझ्यापुढे ते घेतले गेले आहेत.

पहिला आक्षेप, ही मंडळी स्वतःच अनामिक राहतात, मग त्यांची पाटी कशी लावणार? हा घोटाळा सर्वांत मोठा आहे. अनामिकता सभासदाची आहे, सभेची नव्हे. माणसाचे नाव झाकायचे ते त्याला निर्भयपणे आत येता यावे म्हणून. आत यायचे दारच झाकले तर ती अनामिकता कुणाच्या उपयोगाची? नाव झाका, पत्ता उघडा ठेवा. वार, वेळ आणि जिना कुठून चढायचा, एवढे तीन शब्द भिंतीवर लिहिल्याने कुणाची अब्रू जात नाही.

दुसरा आक्षेप, हे परदेशी, ख्रिस्ती वळणाचे आहे, त्यात देवाचे नाव आहे. आहे. पण तो देव ज्याचा त्याने आपल्या समजुतीप्रमाणे मानायचा, असे त्यांच्याच बारा पायऱ्यांत सांगितलेले आहे. आणि परदेशी म्हणाल तर क्रिकेटही परदेशी. चूक दहाजणांत कबूल करावी, संगतीने सावरावे, गळ्यात तुळशीची माळ घातली की तिच्याशी इमान राखावे, हे आमच्या खानदेशातल्या दिंडीत चालणाऱ्या कुठल्याही वारकऱ्याला नव्याने शिकवावे लागणार नाही. एकट्याच्या निश्चयाला संगतीची टेकण लागते, हे आपण शतकानुशतके जाणतो. दांडिया बाजारने तर ते तालमीत पाहिले आहे. मल्लखांबावर पहिल्यांदा चढणाऱ्याला खालून हात देणारा कुणीतरी असतोच.

तिसरा आक्षेप, शहरात कुठेतरी हिंदी-गुजरातीत चालत असेल तिकडे जावे, दांडिया बाजारातच आणि मराठीतच हट्ट का? ज्याला जाता येते त्याने आजच जावे, मराठीची वाट पाहू नये. पण हिशेब पगाराचा परभाषेत करता येतो, लाजेचा करता येत नाही. बायकोचे मंगळसूत्र कसे विकले हे सांगताना माणूस आईच्या भाषेत येतो, आणि तिथेच त्याचा बांध फुटतो. शिवाय संध्याकाळी सात वाजता तलफ दारात उभी असताना दोन रिक्षा बदलून शहराच्या टोकाला जाणे निम्म्यांना साधत नाही. चालत जाता येणे हाच इथे अर्धा उपचार आहे.

चौथा आक्षेप कुणी उघड बोलत नाही, मनात मात्र सर्वांच्या आहे. आपल्या इमारतीत ही माणसे येऊ लागली तर लोक काय म्हणतील? माझे उत्तर असे, की ही माणसे आत्ताही तुमच्याच इमारतीत आहेत. फक्त आज ती पिऊन येतात, तेव्हा न पिता येतील.

बडोद्याला हे सांगावे लागते, याचेच वैषम्य वाटते. १९०६ साली सर्व राज्यभर सक्तीचे प्राथमिक शिक्षण नेणारे हे संस्थान. गावोगाव ग्रंथालये काढली, जिथे ती निघाली नाहीत तिथे पुस्तकांच्या पेट्या फिरवल्या. १९०९, १९२१ आणि १९३४ अशी तीन मराठी साहित्य संमेलने या शहराने भरवली. सयाजीराव महाराजांच्या कारभारातले साधे सूत्र असे होते, की चांगली गोष्ट माणसाच्या दारापर्यंत गेली पाहिजे, आणि तिच्यावर त्याला वाचता येईल अशी पाटी असली पाहिजे. त्या सूत्राला एक खोली जड व्हावी?

म्हणून दांडिया बाजारातील आणि आसपासच्या सर्व मराठी संस्थांना, मंडळांना, मंदिरांच्या विश्वस्तांना माझे जाहीर सांगणे आहे. आठवड्यातून एक संध्याकाळ, दीड तास, एक खोली द्या. देणगी देऊ नका. हे लोक बाहेरचा पैसा घेत नाहीत, तो त्यांचा नियमच आहे. माफक भाडे लावा, ते आपसांत वर्गणी काढून देतील, आणि त्यात त्यांचा स्वाभिमानही राहील. शेजारच्या खोलीत त्याच वेळी घरच्या बायकांना बसू द्या. अध्यक्षीय भाषण करायला जाऊ नका, फोटो काढू नका, उद्घाटनाचा नारळ फोडू नका. फक्त जिन्याशी मराठीत आणि गुजरातीत पाटी लावा. गणेशोत्सवाच्या कार्यक्रमपत्रिकेत व्याख्यानांच्या खाली एक ओळ छापा. डॉक्टरांनी औषधाच्या चिठ्ठीमागे तो वार लिहून द्यावा. बैठक सुरू होईपर्यंत निदान १४४४६ हा केंद्र सरकारचा विनामूल्य मदतक्रमांक तरी सूचनाफलकावर राहू द्या.

आणि हे मी फक्त बडोदेकरांना सांगून थांबत नाही. नंदुरबार, शहादे, तळोदे, नवापूर येथील किती वाचकांना आपल्या गावातली अशी बैठक ठाऊक आहे? आमच्या बाजूला तर दारूबंदीचा आडोसाही नाही.

संपादकांना शेवटी एक विनंती. या दिवाळी अंकात सराफ, पेढ्या, पतपेढ्या, साड्यांची दुकाने यांच्या जाहिराती आहेत, आणि त्यांच्याच जिवावर आम्ही लेखक छापले जातो, याची मला जाणीव आहे. पुढल्या वर्षी त्यांच्यामध्ये दोन बोटांची एक चौकट ठेवा. तीत नाव कुणाचेच नको. गाव, जागा, वार आणि वेळ. जाहिरातीचा दर काय असेल तो मला कळवा, मनिऑर्डर मी करतो.